तुहंबी खरं

कावळा शिवत नव्हता, आणि त्यात माझा काहीएक दोष नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या सकाळी पूर्णेच्या काठावर जमलेल्या निम्म्या गावाचं मत वेगळं होतं.

इंद्रभानचा दहावा होता. इंद्रभान म्हणजे आमच्या गावातला भाजी पिकवणारा शेतकरी. वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आणि दिवसभर तोंडाची टकळी. तो माझा मित्र होता. मी दयाराम, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि गावच्या विहार समितीचा अध्यक्ष. आत्मा, पितर, श्राद्ध, पिंड यातलं काही मानायचं नाही, अशी शपथ माझ्या बापाने धम्मदीक्षेच्या वेळी घेतली, पुढे मी घेतली, आणि माझ्या पोराकडून ती पाठ करून घेतली. तेव्हा दहाव्याला जायचं मला काही कारण नव्हतं. पण मित्राच्या घरचे सगळे नदीवर आणि आपण घरात पंख्याखाली, हेही जमेना. म्हणून गेलो आणि पिंडापासून चांगला लांब, बाभळीखाली उभा राहिलो. तिथून सगळं दिसत होतं आणि हा विधीत सामील झाला असं कोणाला म्हणता आलं नसतं. जागा मी विचार करूनच निवडली होती.

वाळूवर पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला होता. त्याला कावळा शिवला की गेलेला माणूस मोकळा झाला, असं ते लोक मानतात. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी तो कशात अडकला ते ओळखायचं आणि हात जोडून मोठ्याने शब्द द्यायचा. इंद्रभानच्या घरच्यांनी सकाळपासून शब्दांची रास घातली होती. पुण्याला नोकरी करणारा त्याचा मुलगा ऋत्विक, नुकतंच डोकं भादरलेला, म्हणाला, "बाबा, आईले मी पुन्याले घेऊन जाईन." कावळा हलला नाही. पुन्याचं नाव ऐकून बुढा अजून अडकला असन, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. ऋत्विकने घाईघाईने मळा विकणार नाही, असंही सांगून टाकलं. मग इंद्रभानचा धाकटा भाऊ महादेवराव पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, यापुढं तुह्या वावराचा बांध कोरनार नाई." म्हणजे आजवर कोरत होता, हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं. लोकांनी मान खाली घालून हसू दाबलं. कावळे मात्र पलीकडच्या चिंचेवर बसून होते.

एप्रिलचं ऊन. नदीत नुसती डबकी उरलेली, वाळू तापून चटके द्यायला लागलेली. इंद्रभानची बायको सोजराबाई पिंडासमोर उघड्यावर बसली होती. तिला साखरेचा त्रास. कावळा शिवेपर्यंत पाणी घेणार नाही, असं तिने सांगितलं होतं, आणि सकाळची गोळीही घेतली नव्हती. ऋत्विक पाण्याची बाटली घेऊन तिच्याभोवती नुसता फिरत होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. कावळा आलाच नाही तर गवताचा कावळा करून तोच पिंडाला लावतात. त्यांच्या शास्त्रात तशी सोय आहे.

"बाई, फार उशीर झाला. दर्भाचा करून टाकू," महाराज म्हणाले.

"गवताचा नको," सोजराबाई म्हणाली. "माह्या मानसाचं काय अडकलं ते मले ठाऊक हाय." तिने मान वळवली आणि थेट बाभळीकडे पाहिलं. "दयाराम भाऊजीले बोलवा."

 काय अडकलं ते मलाही ठाऊक होतं.

इंद्रभान आणि मी, माझ्या नोकरीची सगळी वर्षं भांडलो. पहाटेची मलकापूर गाडी माझी असायची. तो भाजीच्या टोपल्या टपावर चढवायचा आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायचा. त्याच्या देवघरात गजानन महाराज होते, विष्णू होता, सैलानीबाबाच्या दर्ग्याचा फोटो होता, कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेला येशू होता, आणि कडेला बुद्ध होता. बाकीच्यांशी मला देणंघेणं नव्हतं. त्या कडेच्यावरून माझं डोकं तापायचं.

"बुद्धाले तिथून काढ," मी म्हणायचो. "त्यानं सांगतलं आत्मा नाई, अन तू त्यालेच उदबत्ती लावतं. वरून इष्णूच्या शेजारी बसवतं."

"तुहंबी खरं," तो म्हणायचा. हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"मुसलमान म्हनते मानूस एकदाच जन्मते. तू म्हनतं पुन्हा पुन्हा जन्मते. दोन्ही कसं खरं राहीन बे?"

"त्याहिचंबी खरं, माहंबी खरं. मी का तपासनीस हाय? तिकीट तपासनं तुहं काम, माहं काम भाजी इकनं."

एकदा मी त्याला नांदुरा यायच्या आत पुरता कोंडीत पकडला. आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मुद्दा तयार केला होता. म्हणालो, "ऐक. मी खरा असन त तू खोटा. बरोबर?" तो म्हणाला, बरोबर. "अन तूच म्हनतं की मी खरा." तो म्हणाला, हाव. "मंग तू खोटा हाय का नाई?" सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. ड्रायव्हरने आरसासुद्धा माझ्याकडे वळवला. इंद्रभानने डोकं खाजवलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "हाव बे. मी खोटा." मी हात झटकून उठणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "अन तुहंबी खरं, माहंबी खरं." गाडी हसून हसून लोळली. मी तिकिटाचं मशीन सीटवर आपटलं. अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा? तरी दुसऱ्या दिवशी मी त्याची जागा राखून ठेवलीच.

शेवटी तो बुलढाण्याला दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती, आवाज खोल गेला होता. त्याने माझं मनगट धरलं. "आता त म्हन बे एकदा," म्हणाला, "इंद्रभान, तुहंबी खरं." मी म्हणालो, "नाई म्हनत. घरी चाल, मंग पाहू." निदान भांडायला म्हणून तरी उठेल, असं मला वाटलं. तो हसला, आणि हसता हसता खोकला. सोजराबाई त्याच्या पायाशी बसलेली होती. आजही विचाराल तर त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. माणूस मरायला टेकला म्हणून त्याच्याशी खोटं बोलावं, असं मला कोणी शिकवलेलं नाही.

तर आता ते वाक्य वाळूत माझी वाट पाहत होतं.

मी बाभळीखालून निघालो तसा माझा मुलगा अश्वजित आडवा आला. जयंतीच्या तयारीसाठी तालुक्याला जायचं म्हणून तो मला न्यायला मोटरसायकल घेऊन आला होता. विहारात दर रविवारी वंदना झाली की पोरांना शपथा तोच समजावून सांगतो. त्याने आवाज खाली आणला.

"बाबा, जाऊ नका. लोकं मोबाईल काढून उभे हायत. तुमी तिथं एक शब्द बोलले त दुपारपर्यंत साऱ्या तालुक्याले दिसन. अध्यक्ष पिंडासमोर गेले म्हनतीन."

"हात नाई जोडत मी."

"हात जोडा नाईतर नका जोडू. मेलेल्या मानसासंग कोन बोलते? जो आत्मा मानते तो. हे तुमीच शिकवलं मले."

खरं होतं. मीच शिकवलं होतं. मी त्याला बाजूला सारून पुढे गेलो, तर महादेवराव अंगावरच आला.

"दयाराम, दहा दिवस झाले. माह्या भावाचा जीव तू अडकवून ठेवला."

"कोनाचा जीव कोनी अडकवत नाई."

"दोन शब्द हायत बे! दोन शब्दानं तुह्या धर्माले काय भोक पडते?"

लोक सरकत सरकत जवळ आले. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आमच्याभोवती कडं झालं होतं आणि त्यात आमच्या वस्तीतले आम्ही दोघंच होतो. मागून एक तरुण आवाज आला, "यायले लय माज आला." अश्वजित ताड्कन वळला. "कोन बोललं? समोर ये." कोणी समोर आलं नाही, पण कोणी मागेही हटलं नाही. मी त्याचा दंड घट्ट धरला.  एवढ्याशा गोष्टीवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. गाडीत पाहिली आहेत आणि गावातही पाहिली आहेत.

"महादेवराव," मी म्हणालो, "उद्या तू विहारात ये, अन समद्यासमोर म्हन, देव नाई, आत्मा नाई. म्हनशीन?"

"म्हनीन की! काऊन नाई? सगळे धर्म सारखेच." आणि त्या गड्याने तिथल्या तिथे, भावाच्या पिंडाकडे पाठ करून, म्हणून दाखवलं. "देव नाई. आत्मा नाई. झालं? आता तू म्हन."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. माज आला म्हणाले, त्याचाही इतका राग आला नव्हता. या माणसाला सगळंच खरं, म्हणून त्याला काहीही म्हणायला काहीच किंमत पडत नाही. त्याने आत्मा असा थुंकून टाकला आणि पुन्हा उचलून खिशात घातला. मला ते जमत नाही. माझ्या बापाने 'नाही' म्हटलं तेव्हा त्याचं कामधंद्याचं दार बंद झालं, पाणी भरायची विहीर बंद झाली. तो शब्द आमच्या घरात तसा आलाय. आणि मोठ्या मनाने सगळ्यांचं खरं म्हणणारे हे लोक मलाच हट्टी म्हणतात. सगळ्यांचं खरं म्हणायचं, तर माझं 'नाही' तेवढं खोटं धरावं लागतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी परत फिरणार होतो. ठरलंच होतं. तेवढ्यात इंद्रभानची मुलगी प्रतीक्षा ओरडली, "आई!"

सोजराबाई एका अंगावर कलली होती. प्रतीक्षाने तिला धरलं, ऋत्विकने बाटली तोंडाला लावली. तिने ओठ मिटून घेतले आणि मान हलवली. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यानं तुमाले दुसरं काई मागितलं होतं का कधी?"

नव्हतं मागितलं. उलट हिवाळाभर वांगी फुकट देऊन गेला.

कडं आपोआप उघडलं आणि मी पिंडासमोर जाऊन उभा राहिलो. हात मागे बांधले. चार-पाच मोबाईल वर झाले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. हे वाक्य म्हटलं आणि ते खोटं असलं, तर खोटं न बोलण्याचं शील मोडलं. म्हटलं आणि ते खरं असलं, तर बापाची शपथ मोडली. आणि नाही म्हटलं, तर ही बाई माझ्या डोळ्यांसमोर वाळूत पडणार. मेलेल्याचं काही होत नाही, पण जिवंताचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. औषध म्हणून खोटं बोलायचं ठरवलं.

पिंडाकडे मी पाहिलं नाही. नदीच्या डबक्याकडे पाहून म्हणालो, "इंद्रभान, तुहंबी खरं."

सगळ्यांच्या माना चिंचेकडे वळल्या. महाराजांचा हात दर्भावर थांबला. एक कावळा फांदीवर पुढे सरकला, पंख पसरले, उडाला. कोणीतरी "आला, आला" म्हणालं. कावळा आमच्या डोक्यावरून गेला, एक गिरकी घेतली आणि सरळ पुलाच्या दिशेने निघून गेला.

"जोरानं म्हन," महादेवराव म्हणाला. "ऐकू नाई गेलं."

"ऐकू गेलं," सोजराबाई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. "भाऊजी, तुमी तिकीट फाडल्यावानी बोलले. त्यानं का हे मागितलं होतं? मनातून म्हना."

"मनात नाई, वैनी!"

हे मी ओरडलो. आणि ओरडता ओरडता वळलो कुठे, तर पिंडाकडे. बांधलेले हात कधी सुटले ते कळलं नाही.

"नाई हाय मनात, त कुठून आनू बे, इंद्रभान? खोटं हाय तुहं! गाडीतबी खोटं होतं, दवाखान्यातबी खोटं होतं, अन आजबी खोटं हाय. तू त्या भातात नाई. त्या कावळ्यात नाई. वर नाई, खाली नाई. संपला तू. कुठंच नाई तू!"

 मला थांबता येईना.

"सारी जिंदगी मले वाटलं, एक दिवस याले असा धरन की याचं तोंड बंद होईन. झालं बे तुहं तोंड बंद! जिंकलो मी! अन हे जिंकनं मले नको हाय. माहं खरं असन त तू कुठंच नाई. अन तुहं खरं असन त तू इथंच बसून माह्यावर हसून राह्यला. मले लय वाटते तुहं खरं असावं. दहा दिवसांपासून वाटून राह्यलं. पहाटे उठलो की वाटते. पन वाटते म्हनून मले खरं म्हनवत नाई. हे एवढंच हाय माह्यापाशी, तेबी टाकू का? तूच सांग. कसं म्हनू?"

आणि मी थांबलो. नुसता दमून थांबलो नाही. उत्तरासाठी थांबलो. पिंडाकडे पाहत, गाडीत तो डोकं खाजवायला घ्यायचा तेवढा वेळ मी तसाच उभा होतो.

 चिंचेवरचे कावळे जागचे हलले नाहीत. कोणी मोबाईल खाली केले, कोणी नाही केले.

"ऋत्विक," सोजराबाई म्हणाली, "पानी दे."

बाटलीतलं अर्धं पाणी ती घटाघटा प्यायली. पदराने तोंड पुसलं. प्रतीक्षाने गोळी पुढे केली, ती तिने घेतली. मग महाराजांकडे हात केला. "आना तो गवताचा."

"वैनी, पन कावळा कुठं शिवला?" महादेवराव म्हणाला.

"नाई शिवला त नाई शिवला. सकाळपासून सगळे त्याले शब्द देऊन राह्यले, त्याच्यासंग बोललं कोनीच नाई. आता कोनीतरी बोललं." तिने पिंडाकडे पाहिलं. "माह्या मानसाले भांडल्याबिगर करमत नोतं."

महाराजांनी मंत्र म्हटला आणि दर्भाचा कावळा पिंडाला लावला. दोन काड्यांची एक गाठ, तिला चोचही नव्हती. सोजराबाईने नमस्कार केला. मी केला नाही. पण मी बाभळीखालीही परत गेलो नाही, तिच्या मागे तसाच उभा राहिलो. सगळं उरकल्यावर महादेवरावने माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हटलंच शेवटी. उगाच तानलं येवढं." मी म्हणालो, "पह्यलं म्हटलं ते खोटं होतं. मंगचं खरं." त्याला दोन्हींतला फरक कळला नाही. त्याला दोन्ही सारखंच.

अश्वजित मोटरसायकलपाशी होता. मी गेलो तरी त्याने गाडी सुरू केली नाही. हातातला मोबाईल सारखा वाजत होता.

"आला व्हिडिओ ग्रुपवर," तो म्हणाला. "खाली इचारून राह्यले. अध्यक्ष पिंडासंग बोलले का?"

"मंग सांग त्याहिले."

"काय सांगू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोराचा चेहरा मी इतका बावरलेला कधी पाहिला नव्हता. "असं सांगतो, बाबा. काकूले चक्कर आली, तुमी तिले धीर देत होते. तिच्याचसंग बोलत होते. व्हिडिओत ती समोरच दिसते. लोकं मानतीन."

मानली असती. दुपारच्या आत मिटलं असतं, जयंतीला माझं अध्यक्षपण शाबूत राहिलं असतं, आणि रविवारी पोरांसमोर उभं राहताना अश्वजितला मान खाली घालावी लागली नसती. सोजराबाई खरंच समोर होती. निम्मं खरंच होतं ते.

"खोटं सांगू नको," मी म्हणालो.

"मंग कोनासंग बोलले तुमी?"

"इंद्रभानसंग."

"म्हंजे तो हाय?"

"नाई."

"ऐकत होता?"

"नाई. ऐकाले तिथं कोनीच नोतं."

"अन तरी त्याच्यासंग बोलले."

"हाव. दोन्ही लिही."

त्याने मोबाईल खाली घेतला. तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही असाच चिडलो असतो. पहाटेच्या मलकापूर गाडीत, इतकी वर्षं, मीच चिडत आलो होतो.

"दोन्ही कसं खरं राहीन, बाबा?"

मी तोंड उघडलं. माझाच प्रश्न होता तो, माझ्याच आवाजातला, आणि त्याचं उत्तर मला कधीच द्यावं लागलं नव्हतं.

"हे इंद्रभानले इचारा लागते," मी म्हणालो, आणि पोराच्या खांद्याला धरून ढसाढसा रडलो.